‘नॉन नॉन बियोरी’: लहान गोष्टी, त्यांच्याच मापाने

प्रश्न असा आहे: मैत्रिणीने सुचवली म्हणून ‘नॉन नॉन बियोरी’ ही जपानी ॲनिमेशन मालिका (ॲनिमे) पाहायला घेतली. पहिल्या दोन भागांत ‘यात काहीच घडत नाही’ असं वाटलं, तरी बाराही भाग पाहून संपले आणि आता हुरहुर लागली आहे. हे कशामुळे होतं? की दमलेल्या डोक्याला गुंगी आणण्यापलीकडे या मालिकेत काही नाही? आणि अशा प्रकारचं आणखी काय पाहावं?

मी ॲनिमेशनमध्ये स्टोरीबोर्डचं, म्हणजे प्रत्येक दृश्य आधी कागदावर चित्रांत आखण्याचं, काम करत आले आणि आता ते शिकवतेही. ही मालिका माझ्या वर्गात बरेचदा लागते, त्यामुळे उत्तर कारागिरीच्या अंगाने देते.

गुंगी हे कारण मला पटत नाही. या मालिकेत भरपूर घडतं. फरक एवढाच की जे घडतं ते ज्याच्या आयुष्यात घडतं, त्याच्या मापाने दाखवलं जातं. पहिलीतल्या मुलीची मैत्रीण न सांगता निघून गेली, तर त्या मुलीला ते केवढं वाटेल? तेवढंच ते पडद्यावर दिसतं. त्याला मोठी शोकांतिका बनवण्यासाठी पाऊस पाडला जात नाही, आणि ‘लहान मुलांचं काय, विसरतील’ म्हणून ते उरकलंही जात नाही. कथा सांगणाऱ्याला हे माप सांभाळणं किती अवघड जातं, ते हे काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आत्तो यांची, 2009 ते 2021 या काळात एका मासिकातून क्रमशः आलेली. ॲनिमे सिल्व्हर लिंक या स्टुडिओची, दिग्दर्शक शिन्या कावात्सुरा, आणि कथेची एकूण बांधणी रेइको योशिदा यांची. पहिला हंगाम 2013 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आला. डोंगराळ भागातलं एक खेडं आणि तिथली पाच मुलांची शाळा. पहिलीत रेंगे. पाचवीत होतारु, जी टोकियोहून नुकतीच आली आहे आणि वयाच्या मानाने एवढी उंच की कोणालाही मोठी बाई वाटावी. सातवीत खोडकर नात्सुमी, आठवीत तिची बुटकी बहीण कोमारी, आणि नववीत त्या दोघींचा भाऊ सुगुरू, जो मालिकेत तोंडातून एक शब्दही काढत नाही. शिकवणारी काझुहो ही रेंगेची थोरली बहीण, आणि वर्गात मुलं आपापला अभ्यास करत असताना ती खुशाल डुलक्या काढते. एवढंच. खलनायक नाही, स्पर्धा नाही, कोणाला काही मिळवायचं नाही.

आता चौथ्या भागाकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथे आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. रेंगेला गावात होनोका नावाची मुलगी भेटते. ती शहरातली, सुट्टीत आजीकडे आलेली, आणि रेंगेच्याच वयाची. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. रेंगेच्या आजूबाजूला सगळी तिच्यापेक्षा मोठी मुलं. तिच्या वयाची मैत्रीण तिला आजवर कधी मिळालेलीच नाही. मालिका हे कोणाच्या तोंडून वदवत नाही. रेंगे होनोकाला आपल्या आवडत्या ठिकाणांवरून हिंडवते, तेव्हा तिच्या चालण्यातून ते कळतं. मग एके दिवशी रेंगे तिला बोलवायला घरी जाते, आणि दारात आजी सांगते की वडिलांच्या कामामुळे होनोकाला अचानक परत जावं लागलं.

यानंतर कॅमेरा रेंगेच्या चेहऱ्यावर थांबतो. ती उभी आहे. चेहरा नेहमीसारखाच, जवळजवळ निर्विकार. काही सेकंद जातात. आणखी काही जातात. डोळ्यांत पाणी साठायला लागतं.

जपानी स्टोरीबोर्डच्या कागदावर शेवटचा रकाना वेळेचा असतो. आधी कटचा, म्हणजे मधे न तोडता दाखवलेल्या एका सलग तुकड्याचा, क्रमांक, मग चित्र, त्यात काय होतं त्याची टिपणं, संवाद, आणि शेवटी किती सेकंद आणि वर किती फ्रेम. नवशिक्याचं सगळं लक्ष चित्रावर असतं; दिग्दर्शक कसा आहे ते या शेवटच्या रकान्यात कळतं. टीव्हीवरच्या अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती आणि सुरुवातीचं व शेवटचं दीड-दीड मिनिटाचं गाणं काढलं, तर हातात साधारण 21 मिनिटं उरतात. त्यात 300 च्या आसपास कट बसवायचे असतात. म्हणजे सरासरी एका कटला चार सेकंद. रेंगेचा तो एकच कट अर्ध्या मिनिटाच्या घरात जातो. सात-आठ कटांची जागा एका न हलणाऱ्या चेहऱ्याला दिलेली आहे, तीही टीव्हीवर, जिथे प्रेक्षकाचा हात रिमोटवर असतो.

मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवून विचारते, तुम्ही कुठे कापला असता? बहुतेक जण म्हणतात, आजीचं वाक्य संपल्यावर दोन सेकंदांनी. काही म्हणतात, पहिला अश्रू दिसला की. काहींना आजीचा प्रतिक्रियेचा शॉट हवासा वाटतो. मग आम्ही ते सगळे पर्याय खरोखर जोडून पाहतो. दोन सेकंदांनी कापलं की ‘रेंगेला वाईट वाटलं’ ही फक्त माहिती मिळते. अश्रूवर कापलं की अश्रू हा निकाल बनतो, आणि त्याआधीचा सगळा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. आजीकडे कापलं की दुःख मोठ्या माणसाच्या कीवेत जाऊन बसतं आणि रेंगे बिचारी होते. कावात्सुरा यांनी ठेवलंय तसं ठेवलं, तर आपण आधी ती काही बोलेल म्हणून थांबतो. मग लक्षात येतं की तिला अजून उमगलेलंच नाही. आणि मग ते तिला उमगताना दिसतं. तीन वेगवेगळ्या अवस्था, मधे एकही कट नाही, तिच्या मनात काय चाललंय ते सांगणारा आवाज नाही. लहान मुलाला एखादी गोष्ट कळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आपल्यालाही लागतो. हे पाहताना ज्यांचा गळा दाटतो, त्यांना बहुधा रेंगेची दया आलेली नसते. आपलं स्वतःचं पहिलं ‘अरे, असंही होतं तर’ त्यांना आठवत असतं.

पुढे होनोकाचं पत्र येतं, सोबत दोघींचा फोटो. तो दिलासाही तेवढ्याच मापाचा आहे. ती परत येत नाही, पत्र येतं.

इथे पैशाचा मुद्दा आल्याशिवाय राहत नाही. टीव्ही ॲनिमे 1963 च्या ‘तेत्सुवान आतोमु’ (‘ॲस्ट्रो बॉय’) या मालिकेपासून कमीत कमी चित्रांवर चालत आला आहे. सेकंदाला 24 फ्रेम, पण एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे हालचालीसाठी सेकंदाला आठ चित्रं पुरतात. आणि जिथे शक्य आहे तिथे चित्र हलवायचंच नाही. स्थिर चित्र स्वस्त पडतं. त्यामुळे कोणी म्हणेल की शांतता ही काटकसर आहे. काटकसर आहे हे खरंच, पण मग स्थिर चित्रांनी भरलेली प्रत्येक मालिका अशीच मनाला भिडली असती. तसं होत नाही, कारण बहुतेक ठिकाणी चित्र थांबलं की सगळंच थांबतं. या मालिकेत माणूस थांबतो पण जागा चालू राहते. पाणी वाहत असतं, पानांची सावली जमिनीवर किंचित सरकते, एखादा किडा चौकटीतून उडून जातो, आणि आवाज तर अखंड चालू असतो.

आवाजाविषयी थोडं जास्तच सांगते, कारण सबटायटल्स वाचताना तो सर्वांत आधी निसटतो. शेतात पाणी भरलं की बेडूक, भर उन्हाळ्यात सिकाडा किड्यांचा कानठळ्या बसवणारा गजर, संध्याकाळी त्यांच्यातल्याच एका जातीची करुण, घसरत जाणारी साद, शरदात रातकिडे, आणि बर्फ पडला की सगळं दाबल्यासारखं. जपानी प्रेक्षकाला डोळे मिटूनही महिना ओळखता येतो. हिरोमी मिझुतानी यांचं संगीत या आवाजांच्या अंगावर चढत नाही. रेकॉर्डर, म्हणजे शाळेतली ती साधी बासरी, आणि मोजकी वाद्यं. पुष्कळदा संगीत नसतंच. पहिला भाग रेंगे चालत चालत रेकॉर्डर वाजवते आहे आणि मागे गाव दिसतंय, असा सुरू होतो. संवाद सुरू व्हायच्या आधी गाव कानात बसवायचं, हा तो निर्णय. हेडफोन लावून तेवढाच तुकडा पुन्हा पाहा, ही माझी मनापासूनची विनंती.

तसंच अंतराचं. मुलं पुष्कळदा चौकटीच्या खालच्या कडेला, बोटभर दिसतील एवढी काढलेली असतात, आणि वर डोंगर आणि आभाळ. गोड चेहऱ्यांवर चालणाऱ्या मालिकेला हे परवडत नाही. ती चेहऱ्याजवळच घुटमळते. इथे चेहरा राखून ठेवलेला आहे. म्हणूनच चौथ्या भागात कॅमेरा जवळ जाऊन थांबला की त्याचं वजन जाणवतं. शाळेची इमारत सैतामा प्रांतातल्या ओगावा गावाजवळच्या, आता बंद असलेल्या एका लाकडी शाखा-शाळेवरून बेतलेली आहे, आणि मालिकेचे चाहते ती पाहायला तिथे जातात. पण मालिकेतलं गाव नकाशावर एका जागी दाखवता येत नाही.

विनोदही याच मापाने चालतो. दुसऱ्या भागात कोमारी आणि होतारु खाऊच्या दुकानाजवळ भेटतात. होतारुने जरा मोठ्या माणसासारखे कपडे घातले आहेत. कोमारी तिला ओळखतच नाही आणि कोणी शहरातली ताई समजून आपणही मोठं असल्याचा आव आणते. आठवीतली मुलगी पाचवीतल्या मुलीपुढे मोठी दिसायला धडपडते आहे, आणि ‘मीच होतारु’ हे सांगायची वेळ होतारुच्या हातून निसटून गेली आहे. दुसऱ्या एखाद्या मालिकेत याचा शेवट आरडाओरड्यात झाला असता. इथे दोघी बराच वेळ अवघडलेल्या अवस्थेत एकत्र फिरतात, आणि हसू त्या अवघडलेपणातून येतं. रेंगेचा विनोद वेगळा. ती सपाट, एकसुरी आवाजात मोठाले प्रश्न विचारते. पहिल्याच भागात तिचा प्रश्न आहे: आपण राहतो ते खेडं आहे का? बाकीच्या वाद घालायला लागतात. दाराला कुलूप नाही, बस चुकली की कितीतरी वेळ दुसरी नाही, रस्त्यावर गुरांसाठी पाटी. आणि टोकियोहून आलेली होतारु सगळं ऐकते आहे. रेंगेला हे ठरवून हवं आहे, कारण तिच्याकडे तुलनेला दुसरी जागाच नाही. सगळं जग तेवढंच, हे तिच्या प्रश्नातून आपल्याला कळतं, आणि तिला मात्र तो साधा भूगोलाचा प्रश्न वाटतो.

माझ्या मते या मालिकेची सगळ्यात धाडसी गोष्ट वेगळीच आहे, आणि पहिला हंगाम पाहून थांबलेल्यांना ती दिसत नाही. ती म्हणजे वेळेची रचना. पहिल्या हंगामातल्या भागांची नावं मुलांच्या रोजनिशीतल्या ओळींसारखी आहेत, साध्या भूतकाळात: बदलीवर विद्यार्थिनी आली, खाऊच्या दुकानात गेलो, उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली. शेवटच्या भागाचं नाव, पुन्हा वसंत आला. म्हणजे शाळेचं एक वर्ष पूर्ण झालं. मग 2015 मध्ये दुसरा हंगाम आला, नाव ‘रिपीट’, आणि त्याने नावाप्रमाणे तेच वर्ष पुन्हा सुरू केलं. सुरुवात तर होतारु गावात येण्याच्याही आधी, रेंगेच्या पहिलीच्या प्रवेशापासून. पहिल्या हंगामात न दिसलेले दिवस आता दिसायला लागतात. आपल्याला वाटलं होतं की वर्ष पाहून झालं. पाहिले होते त्यातले थोडेसेच दिवस.

कथाकार म्हणून याचा विचार करा. पुढे काय होणार, हे कुतूहल मालिकांचं इंधन असतं, आणि यांनी ते स्वतःहून बाजूला ठेवलं. होनोका येऊन गेली तो उन्हाळा आपण ओळखतो. त्याच उन्हाळ्यातले दुसरे दिवस पाहताना पहिल्यांदा पाहिल्यासारखं आता वाटत नाही. 2021 च्या तिसऱ्या हंगामात, ‘नॉनस्टॉप’मध्ये, शेवटी काळ खरोखर पुढे सरकतो. सुगुरू शाळा पूर्ण करून बाहेर पडतो आणि गावातल्या पोलिसाची मुलगी शिओरी पहिलीत येते. सगळ्यात लहान असलेली रेंगे आता कोणाची तरी ताई होते. घटना म्हणून पाहिलं तर एवढीशी. पण दोन हंगाम एकाच वर्षात राहिलेल्या प्रेक्षकाला ती हलवून जाते, कारण घड्याळ चालतं हे त्याला इतक्या उशिरा कळलेलं असतं.

तुमच्या हुरहुरीचं एक कारण मला इथे दिसतं, आणि ते मुलांना ठाऊक नसलेलं आहे. पाच मुलांची शाळा हे गोड चित्र आहे खरं, पण ती पाचच का आहेत? जपानच्या ग्रामीण भागातली लोकसंख्या अनेक दशकं घटते आहे, मुलं नाहीत म्हणून देशभरात दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. मालिका याविषयी एकही भाषण देत नाही. ती रिकामे रस्ते दाखवते, भलीमोठी घरं दाखवते, बसमध्ये एकच प्रवासी दाखवते. रेंगेसाठी हे सगळं नेहमीचं. आपल्याला मात्र हिशेब करता येतो. सुगुरू गेला की पट चारवर, शिओरी आली की पुन्हा पाच, आणि पुढे? महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, ही चर्चा ज्यांनी जवळून ऐकली आहे, एका खोलीत चार इयत्ता बसवून शिकवणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक ज्यांच्या घरात आहेत, त्यांना काझुहोचा वर्ग अजिबात परका वाटणार नाही. ही मालिका जपानमध्ये रात्री उशिरा दाखवली जात असे, म्हणजे प्रेक्षक मोठी माणसंच होती, आणि त्यांतली पुष्कळशी गाव सोडून शहरात आलेली असणार. मुलं जे पाहतात आणि आपल्याला जे माहीत आहे, त्या दोन्हींच्या मधल्या जागेत ती हुरहुर आहे.

हे सांगून झाल्यावर मालिकेच्या उणिवाही सांगायला हव्यात. शेती दिसते, पण शेतीचे कष्ट फारसे दिसत नाहीत. मोठ्यांची पैशाची चिंता जवळजवळ नाही. खाऊचं दुकान चालवणारी काएदे, जिने रेंगेला तान्ही असताना सांभाळलं, तिच्या निमित्ताने काय ती थोडी जाणवते. गाव हे शहरात बसून आठवलेलं गाव आहे. होतारुला कोमारीचं जे वेड आहे त्यावरचे विनोद मला लांबलेले वाटतात, आणि दुसऱ्या हंगामात तर त्यांची पुनरावृत्ती जाणवते. मूल्यमापन करताना हे मी लपवणार नाही. तरी या मर्यादेत जे आहे ते खोटं नाही.

गुंगीच्या शंकेला ‘रिपीट’मधला कबुतोएबीचा प्रसंग चांगलं उत्तर देतो. भातखाचरात सापडणारा हा ढालीसारख्या पाठीचा छोटा जलचर, आयुष्य फार तर एक-दोन महिन्यांचं. रेंगे ते पाळते, निगुतीने पाहते, आणि एक दिवस ते मेलेले असतात. निव्वळ आराम विकणारी मालिका मुळात हा प्रसंग घेणारच नाही. इथे तो घेतला आहे, आणि मोठी मुलं रेंगेशी कसं बोलावं या विचाराने गोंधळलेली दाखवली आहेत, हे मला विशेष आवडतं. या प्राण्याची अंडी सुकलेल्या चिखलातही टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. निसर्गातलंच हे सत्य प्रसंगाला आधार देतं. बाहेरून आणलेलं सांत्वन लागत नाही.

आणि 2018 चा चित्रपट, ‘व्हेकेशन’. सोडतीत ओकिनावाच्या सहलीची तिकिटं लागतात आणि सगळी टोळी तिकडे जाते. तिथे नात्सुमीची आओईशी मैत्री होते. आओई तिच्याच वयाची, पण घरच्या खानावळवजा लॉजमध्ये सतत कामात असलेली. नात्सुमी म्हणजे अभ्यास टाळणारी, आईला त्रास देणारी, कधी गंभीर न होणारी. निघायच्या वेळी तिचे डोळे भरून येतात. चौथ्या भागात रेंगे मागे राहिली होती आणि मैत्रीण निघून गेली होती. इथे निघून जाणारे आपलेच लोक आहेत आणि मागे राहणारी आओई. मालिका या दोन प्रसंगांकडे बोट दाखवत नाही. पण ज्याने दोन्ही पाहिलेत त्याला कळतं की होनोकालाही तेव्हा गाडीत बसून असंच काहीतरी झालं असेल.

आता पाहण्याविषयी. क्रम प्रदर्शनाचाच ठेवा: पहिला हंगाम, ‘रिपीट’, ‘व्हेकेशन’, ‘नॉनस्टॉप’. काही जण कथेतल्या काळाप्रमाणे ‘रिपीट’चा पहिला भाग आधी पाहायला सांगतात, तसं करू नका, रचनेतली गंमत त्यात मरते. दिवसाला एक भाग, फार तर दोन. दीडपट वेगाने तर मुळीच नको, कारण सेकंदांच्या रकान्यात जे लिहिलं तेच तुम्ही पुसून टाकाल. मूळ जपानी आवाजात पाहा. कोतोरी कोइवाई यांनी रेंगेला दिलेला सपाट सूर या मालिकेच्या विनोदाचा निम्मा भार उचलतो.

यासारखं आणखी काय, तर मी दोन दिशा सुचवेन. एक, ‘युरु कॅम्प’, पहिला हंगाम 2018 चा. यामानाशी प्रांतात, हिवाळ्यात, शाळकरी मुली तंबू घेऊन फिरतात. त्यात एकटं राहण्याचा आदर फार सुंदर आहे: रिनला एकटीला कॅम्पिंग आवडतं, आणि नादेशिको तिला ‘आमच्यात ये’ म्हणून ओढत नाही. पाचव्या भागात दोघी वेगवेगळ्या डोंगरांवरून रात्रीच्या दिव्यांचे फोटो एकमेकींना पाठवतात. अंतर तसंच राहतं आणि सोबतही होते. कावात्सुरा यांचं आणखी काम पाहायचं असेल तर 2016 ची ‘तानाका-कुन’ आहे, एका अतिशय आळशी मुलाची. ती हलकी आहे, पण कट कुठे धरायचा याचं भान तेच.

दुसरी दिशा मागे जाणारी. 1974 ची ‘हायडी’, 52 भाग, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि प्रत्येक भागाचे लेआउट, म्हणजे दृश्यांची चौकटीतली मांडणी, हायाओ मियाझाकी यांनी काढलेले. त्यासाठी ही मंडळी 1973 मध्ये प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला जाऊन आली होती. चीज विस्तवावर वितळताना, मुलगी गवताच्या बिछान्यावर अंग टाकताना, शेळ्या डोंगर चढताना टीव्हीवर एवढा वेळ आणि एवढं लक्ष द्यायचं, ही वाट मोठ्या प्रमाणात तिथून रुळली. जुनी दिसते म्हणून सोडू नका. हायडी पहिल्यांदा आजोबांच्या झोपडीकडे डोंगर चढून जाते तो पहिला भाग लावा आणि ती वाटेत एकेक कपडा कसा काढून टाकत जाते ते पाहा. त्यानंतर रेंगेच्या रेकॉर्डरचा तुकडा पुन्हा लावा, म्हणजे या दोन्ही मालिका एकाच घरातल्या कशा ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल.